मोटारींतील फेरफार आणि विमा

मोटारीस सी.एन.जी.ची टांकी बसविली कीं इंधनखर्च उतरतो. पण ही गोष्ट विमा कंपनीस कळविण्याचें पुष्कळ गृहस्थ टाळतात. कारण एकच, हप्ता वाढेल! वाढणार तरी किती? 2002 च्या अखिल भारतीय दरपत्रकांत किटच्या किंमतीवर शेंकडा 4, आणि तिऱ्हाइताच्या जोखमीबद्दल 60 रुपये, एवढाच जादा आकार होता. म्हणजे 50,000 रुपयांच्या किटवर 2,060 रुपये, कर निराळा. एवढ्यासाठीं मौन धरावें, आणि गाडी जळाल्यावर कंपनीनें त्याच मौनाकडे बोट दाखवून भरपाई नाकारावी, हा कसला हिशेब? नोंदणीपुस्तकांतही हा बदल चढविलेला हवा. शिवाय प्रत्येक फेरफारानें हप्ता चढतोच असें नाहीं. अपंग आप्ताच्या सोयीसाठीं बदललेल्या व तशी नोंद झालेल्या गाडीस त्याच दरपत्रकानें स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यांत शेंकडा 50 सूट दिली होती. ती मागणारे मात्र विरळा.