खाडीच्या पाण्यानं धुतलेला धूर

डहाणूच्या खाडीत होडी आत शिरली की दोन्ही काठांचं तिवर मागं सरकू लागतं आणि समोर औष्णिक वीज केंद्राची चिमणी उभी राहते. २७५ मीटर उंच. होडीतून पाहणाऱ्याची नजर त्या उंचीवरच खिळते. पण या केंद्राचा खरा मोलाचा भाग चिमणीच्या पायथ्याशी आहे. तिथं वर जाण्याआधी धूर समुद्राच्या पाण्यानं धुतला जातो.

केंद्र उभारलं बीएसईएसनं, मुंबईच्या उपनगरांना वीज पुरवण्यासाठी. २५० मेगावॉटचे दोन संच १९९५ मध्ये सुरू झाले. वीज तारांवरून थेट मुंबईकडे जाते, कोळशाची राख आणि धूर मात्र डहाणूच्या वाट्याला. इथं बारमाही फुलणाऱ्या चिकूच्या वाड्या, मच्छीमारांची खाडी, मागं जंगलपट्ट्यात वारल्यांचे पाडे. म्हणून केंद्र उभं राहण्याआधीच स्थानिक मंडळी कोर्टात गेली होती. १९९१ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकल्प थांबवला नाही. त्याच वर्षी २० जूनला केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला आणि भोवतीच्या २५ किलोमीटरच्या पट्ट्यालाही उद्योगबंदीची कुंपणं घातली.

कोळशातलं गंधक जळलं की सल्फर डायऑक्साइड तयार होतो. राख पकडणारी यंत्रं त्याला अडवू शकत नाहीत, कारण तो वायू आहे. धुण्याच्या मनोऱ्यात धूर खालून वर चढतो आणि वरून समुद्राच्या पाण्याचे फवारे पडतात. वायू पाण्यात विरघळतो, पाणी आंबट होतं. पण समुद्राचं पाणी मुळात किंचित अल्कधर्मी असतं, त्यातले बायकार्बोनेट हा आंबटपणा मारतात. मग ते पाणी टाक्यांत घेऊन त्यात हवा सोडतात. प्राणवायूमुळे उरलेल्या सल्फाइटचं सल्फेट होतं. सल्फेट समुद्रात आधीपासून भरपूर असतंच, त्यामुळे पाण्याचा सामू ठिकाणावर आणून ते परत समुद्रात सोडता येतं. ना चुनखडी आणायची, ना जिप्समचे ढीग. किनाऱ्यावरच्या केंद्रासाठी याहून सुटसुटीत रीत मला तरी ठाऊक नाही.

तरीही ही यंत्रणा बसायला केंद्र सुरू झाल्यावर बारा वर्षं गेली. नर्गिस इराणी आणि बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर १९९६ मध्ये निकाल दिला आणि डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. धूर धुण्याची यंत्रणा बसवा, असा आदेश या प्राधिकरणानं १९९९ मध्ये दिला. कंपनीनं हरकती घेतल्या, मुदती सरल्या. अखेर ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागण्यापर्यंत वेळ आली आणि २००७ मध्ये यंत्रणा चालू झाली. मुंबईत ट्रॉम्बेला टाटांच्या एका संचाला समुद्राच्या पाण्याची अशी यंत्रणा आधीच होती, त्यामुळे तंत्र अनोळखी नव्हतं. अडलं होतं खर्चावर आणि इच्छेवर. देशभरातल्या कोळसा केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घालणारी अधिसूचना निघाली ती २०१५ मध्ये, आणि तिच्याही मुदती पुढं ढकलल्या गेल्या. एका तालुक्यानं, एका छोट्या प्राधिकरणाच्या बळावर, देशाच्या आधी हे करून घेतलं याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

एक दिवस इथले संच थांबतील. तेव्हा टर्बाइन नि बॉयलर संग्रहालयात जपायची भाषा होईल आणि व्हायलाच हवी. पण त्या संग्रहालयात धुण्याच्या मनोऱ्याला वेगळं दालन पाहिजे, आणि मनोऱ्याशेजारी प्राधिकरणाच्या सुनावण्यांची कागदपत्रं. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची नोंदही तिथंच हवी. आणि प्राधिकरणाचं काम तिथं संपत नाही: डहाणूच्याच किनाऱ्यावरच्या प्रस्तावित वाढवण बंदराला त्यानं १९९८ मध्ये नकार दिला होता, २०२३ मध्ये होकार दिला. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या बंदराची पायाभरणी झाली. तेव्हा कागदांचं ते कपाट अजून बंद करण्याची वेळ आलेली नाही. वाढवणच्या खडकांवर मासे धरणाऱ्यांना आणि वाडीत चिकू उतरवणाऱ्यांना त्यातली पानं आजच वाचायला मिळायला हवीत.