संगणकाच्या हाती कॅमेरा : कार्डाच्या कडेची खिट्टी

पुस्तकं स्कॅन करायच्या लाकडी स्टँडविषयी या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या अंकात. मधेच एका वाचकांचा प्रश्न आला आणि तो डावलून पुढं जाणं बरं दिसलं नसतं. त्यांच्याकडे कॅननचा पॉवरशॉट ए५९० आहे. केबल लावली की फोटो मुकाट संगणकात उतरतात. मग संगणकावरून फोटो काढता का येत नाही?

केबलवरून बोलायची पीटीपी ही पद्धत बहुतेक कंपन्यांनी स्वीकारली. तिच्यात फोटो काढायची आज्ञा आहे, पण ती पाळायची सक्ती कोणावर नाही. जोडणी होताच कॅमेरा स्वतःच आपल्याला येणाऱ्या कामांची यादी संगणकाला देतो. ए६२०, ए६४०, जी९ या भावंडांना कॅननने दुरून क्लिक करायची सोय दिली होती, ए५९०ला दिली नाही. शटर आहे, झूमची मोटर आहे, यूएसबी आहे. आज्ञा ऐकणारा तेवढा नाही. लिनक्सवरचा जीफोटोसुद्धा इथं हात टेकतो.

ही उणीव सीएचडीके भरून काढतं. कॅननबाहेरच्या हौशी प्रोग्रॅमरांनी लिहिलेलं हे सॉफ्टवेअर कॅमेऱ्यात नव्हे, एसडी कार्डावर राहतं. आणि ते चालू होतं कशानं, तर कार्डाच्या कडेला असलेल्या त्या इवल्याशा प्लॅस्टिकच्या खिट्टीनं!

या खिट्टीची गंमत अशी, की ती आतल्या कुठल्याच तारेला जोडलेली नसते. 'लॉक' केल्याचा कार्डाला पत्ताही नसतो. खाचेतली एक कळ खिट्टी कुठं आहे ते चाचपते आणि लिहायचं की नाही ते कॅमेरा ठरवतो. आता कॅननच्या या कॅमेऱ्यांची एक खोड बघा. कार्ड लॉक असेल आणि त्याच्या बूट सेक्टरमध्ये ठरावीक जागी 'बूटडिस्क' ही खूण असेल, तर सुरू होतानाच कॅमेरा त्या कार्डावरची 'डिस्कबूट' फाइल चालवतो. झालं, सीएचडीके आत!

मग लॉक केलेल्या कार्डावर फोटो साठवले कसे जातात? आत शिरल्यावर सीएचडीके कॅमेऱ्याला लॉककडे काणाडोळा करायला लावतं. खिट्टी उघडली की पुढच्या वेळी कॅमेरा पुन्हा पहिल्यासारखा. अंतर्गत मेमरीतल्या मूळ फर्मवेअरला हात लागत नाही, म्हणून बिचकणाऱ्यांनाही हा मार्ग सुचवावासा वाटतो.

एवढं झालं की संगणकावर सीएचडीकेपीटीपी हा प्रोग्रॅम उघडायचा. 'रेक' लिहून एंटर मारलं की लेन्स घुर्र करत बाहेर येते. 'शूट' म्हटलं की फोटो. झूम, शटरचा वेग, आयएसओ, सगळं ल्युआ भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टमधून सांगता येतं. काही मॉडेलांवर तर फोटो कार्डाला न शिवता थेट संगणकात येतो. डॅनियल रीट्झ यांनी २००९ साली घरगुती पुस्तक-स्कॅनरची कृती जगापुढं मांडली, त्यातले दोन कॅमेरेही ए५९०च होते आणि त्यांवरही सीएचडीकेच होतं. तेव्हा प्रश्नकर्त्या वाचकांच्या हाती योग्य वाण आहे.

अडतं ते आवृत्तीपाशी. मॉडेल एक असलं तरी फर्मवेअर वेगळं असू शकतं आणि सीएचडीके नेमकं त्याच आवृत्तीचं लागतं. ती कळण्यासाठी कार्डावर 'vers.req' नावाची रिकामी फाइल ठेवायची (काही जुन्या कॅमेऱ्यांना 'ver.req'), कॅमेरा फोटो बघायच्या मोडमध्ये सुरू करायचा आणि 'फंक सेट' दाबून धरून 'डिस्प' दाबायचं. पडद्यावर आवृत्ती उमटते. नोटपॅड गुपचूप शेपटाला 'टीएक्सटी' जोडतं, ते आधी काढा.

स्टँडचा लेख वाचायला घेण्याआधी आपल्या कॅमेऱ्याची आवृत्ती लिहून ठेवा. आणि घरात २ जीबीचं जुनं कार्ड असेल तर टाकून देऊ नका. ए५९०च्या काळातले कॅमेरे फॅट१६ पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या कार्डावरूनच सीएचडीके उचलतात.