साखरेवर उडणारा अग्निबाण

आपली साखर चहात जाते, मिठाईत जाते. तीच साखर अग्निबाणाचे इंधनही होते म्हटले, तर आपण म्हणाल, “काहीतरीच काय!” पण गोष्ट खरी आहे. परदेशातील हौशी मंडळी साखर आणि शोऱ्याचे इंधन बनवीत आली आहेत. साखर जळते, शोरा तिला प्राणवायू पुरवतो.

हे कळले की पोरांचे हात शिवशिवतात. लोणारला आभाळातून दगड आला, आता बुलढाण्यातून काही वर पाठवू, असे त्यांना वाटणारच! पण हे इंधन घरी शिजवू नये. बोटे जातात, डोळे जातात. शिवाय १८८४ चा स्फोटक कायदा आहे, आणि परवाने देणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

अमेरिकेत १९५७ साली हौशींची राष्ट्रीय संघटना निघाली. मोठे अग्निबाण उडवायचे तर तिथे प्रमाणपत्र लागते. तीन पायऱ्या आहेत. पहिलीत मोटारीचा एकूण जोर १६० ते ६४० न्यूटन-सेकंद, दुसरीत ५१२० पर्यंत व लेखी परीक्षा, तिसरीत त्याहून पुढे, आणि आराखडा आधी तपासून घ्यावा लागतो. गंमत अशी, की परीक्षेला मोटार कारखान्याचीच लागते, घरची चालत नाही. सांगाडा मात्र स्वतः बांधायचा: पुठ्ठ्याची नळी, प्लायवूडचे पंख, टोपी, हवाई छत्री. कितीही उंच गेला, पण छत्री उघडली नाही की नापास! धडपणे परत आला पाहिजे.

सरळ जाण्याची युक्ती तोलात आहे. वजनाचा मध्य वाऱ्याच्या दाबाच्या मध्यापेक्षा टोकाकडे, निदान नळीच्या जाडीइतका पुढे हवा. लहान नमुना असेल तर तोलाच्या जागी दोरी बांधून डोक्याभोवती फिरवावा. टोक पुढे राहिले तर ठीक, नाही तर टोकात वजन घाला.

घन इंधनाच्या विद्येत आपला मराठी माणूसही मोठा होता. डॉ. वसंत गोवारीकर. १८ जुलै १९८० ला एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह वर नेला, तेव्हा थुंब्याच्या विक्रम साराभाई केंद्राचे ते संचालक होते. त्याचे चारही टप्पे घन इंधनाचे. पुढे १९८८ साली सोळा घटकांवरून मान्सूनचा अंदाज बांधणारे तेच!

पोरांनी सुरुवात पाण्यावर करावी. प्लास्टिकची सोड्याची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप लांब नळीने जोडून. काचेची बाटली मुळीच नको. मोठे माणूस सोबत असावे, वर विजेच्या तारा नसाव्यात. आणि तोडणी झालेले रान निवडा, उभ्या उसात पडली तर सापडायची नाही.