नीरा डावा कालवा आणि हरितपथाची कल्पना : बारामती ते इंदापूर

लांब पल्ल्याच्या सायकलमार्गांचा विचार आता नगररचना आणि भूगोल या दोन्ही शास्त्रांत गांभीर्याने होऊ लागला आहे. मोटारींच्या रहदारीपासून अलग, सलग, वृक्षांच्या छायेतून जाणारा आणि पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी राखलेला मार्ग, या अर्थाने येथे 'हरितपथ' हा शब्द योजला आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मेन राज्यापासून फ्लॉरिडापर्यंत सुमारे ३,००० मैलांचा असा एक मार्ग १९९१ पासून आकार घेत आहे. बॉस्टन, चार्ल्स्टन, सव्हाना, सेंट ऑगस्टीन ही जुनी बंदरे त्याने जोडली जातात. तथापि त्याचा बराच भाग अद्यापि साध्या रस्त्यांवरूनच जातो. सलग जागा मिळणे ही अशा मार्गाची पहिली अडचण होय, हे यावरून स्पष्ट होते.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत अशी सलग जागा सव्वाशेहून अधिक वर्षे अस्तित्वात आहे. ती म्हणजे नीरा डाव्या कालव्याचा काठ. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये जी पाटबंधाऱ्यांची कामे झाली, त्यांत या कालव्याची गणना होते. १८८५ च्या सुमारास तो वाहता झाला. वीर येथून निघून पुरंदर तालुक्यातून तो पूर्वेकडे येतो, बारामती शहरातून जातो आणि पुढे सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी यांच्या परिसरातून इंदापूर तालुक्यात विसर्जित होतो. त्याची एकूण लांबी दीडशे किलोमीटरांहून अधिक आहे. पाटकऱ्यांना व अधिकाऱ्यांना देखरेख करता यावी म्हणून त्याच्या भरावावर मुरमाची वाट राखलेली असते. ही वाट सायकलमार्ग होऊ शकेल काय, आणि झाल्यास कोणत्या अटींवर, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

प्रथम उताराचा विचार करू. सायकल व स्वार मिळून ९० किलो वजन धरल्यास, कठीण मुरमाच्या वाटेवर चाकांचे घर्षण सुमारे ०.९ किलो भाराइतका विरोध करते. रस्ता शंभरास दोन या प्रमाणात चढू लागला की त्यात १.८ किलोंची भर पडते, म्हणजे श्रम एकदम तिप्पट होतात. कालव्याची गोष्ट निराळी. मातीच्या पात्रात पाणी वेगाने वाहिले तर पात्र खचते, म्हणून कालवा समोच्च रेषेला जवळजवळ चिकटून नेतात. त्याचा उतार चार हजारांत एक धरला, तर चढाचा भार अवघा २२ ग्रॅम भरतो. पाण्यासाठी अभियंत्याने जी सपाटी साधली, ती सायकलस्वाराला आयतीच लाभते. मात्र या सपाटीचे मोल अंतराने चुकवावे लागते. ओढ्यानाल्यांना वळसे घालीत जाणारा कालवा सरळ सडकेपेक्षा पुष्कळ लांब पडतो, आणि कऱ्हेसारखी नदी आडवी आली की बांधकामाशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. अशा ठिकाणी काठाची वाट अरुंद होते किंवा तुटते.

पूर्वेकडे तोंड करून जाणाऱ्यास या काठावर भूगोलाचा एक धडा उघडा पडलेला दिसतो. कालवा आपल्या लाभक्षेत्राच्या वरच्या कडेने वाहतो; त्यामुळे उजव्या हातास नदीपर्यंत उसाचे बागायत आणि डाव्या हातास मूळची जिरायत, अशी विभागणी होते. विहिरी, शेततळी व उपसा योजना यांमुळे ही रेषा आता पूर्वीइतकी ठळक राहिलेली नाही, तरी ती पुसलेली नाही. उजव्या बाजूस सर्वत्र समृद्धीच आहे असेही नव्हे. अतिरिक्त पाण्याने जमिनी खारवल्याची तक्रार जुनी असून हॅरल्ड मान व तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता.

उतारानंतर वाऱ्याचा विचार येतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वारास शांत हवेत सुमारे ०.६ किलो भाराइतका विरोध होतो. समोरून तितक्याच वेगाचा वारा आला, तर हा विरोध चौपट, म्हणजे जवळजवळ अडीच किलो होतो. हा प्रदेश पर्जन्यछायेत आहे; पावसाळ्यात येथे पाऊस थोडा आणि पश्चिमेचा वारा उदंड. आषाढात बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्याची पाठ वारा राखतो, परतणाऱ्याची मात्र परीक्षा पाहतो. उन्हाळ्यात तर वाऱ्यापेक्षाही ऊन दुःसह. म्हणून या भागात सायकलमार्गाचा खरा आधार डांबर नसून झाड आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

येथेच प्रश्नाचे मर्म आहे. काठावरची झाडे कालव्याच्या पाझरावर जगतात. त्याच पाझरावर खालच्या अंगाच्या अनेक विहिरी अवलंबून आहेत. कालव्यास काँक्रीटचे अस्तर केले, तर हा पाझर थांबेल व वाचलेले पाणी शेपटाकडील शेतकऱ्यास पोहोचू शकेल. त्याची मागणी अन्याय्य म्हणता येत नाही, कारण आवर्तनाचे पाणी शेवटपर्यंत पुरेसे न पोहोचण्याचे दुःख तोच भोगतो. उलट वरच्या भागातील शेतकऱ्याला विहीर आटण्याची भीती वाटते, व तीही निराधार नाही. अस्तरीकरणास या पट्ट्यात विरोध होतो, त्याचे कारण हेच. हरितपथाची 'हरितता' अशा रीतीने पाणीवाटपाच्या वादात गुंतलेली आहे. सायकलस्वाराची सावली म्हणजे कोणाच्या तरी वाट्याचे पाणी होय, हे नकाशावर हिरवी रेषा ओढणाऱ्याने विसरू नये.

कालव्याच्या काठाला पर्याय म्हणून पालखी मार्गाचा उल्लेख केला जातो. श्रीतुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम करीत पंढरपुरास जाते. पाटसपासून या मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसविण्यात आली, व वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंस स्वतंत्र पदपथांची योजना त्यात समाविष्ट केली गेली. पायी चालणाऱ्याचा हक्क महामार्गाच्या आराखड्यात मान्य व्हावा, ही गोष्ट आपल्याकडे लहान नव्हे. परंतु पदपथ हा चालणाऱ्यांचा आहे. वारीचे दिवस सोडून इतर काळात शाळेला निघालेली मुलगी किंवा कारखान्यावर जाणारा मजूर सायकल कोठून चालवणार, याचे उत्तर त्याने आपोआप मिळत नाही.

कालव्याचा काठ लोकमार्ग झाल्याचे उत्तम उदाहरण वॉशिंग्टनजवळ आढळते. जॉर्जटाऊन या जुन्या बंदरापासून कंबरलँडपर्यंत १८४.५ मैलांचा कालवा १८२८ ते १८५० या काळात खणला गेला. काठावरून खेचरे चालत व नावा ओढीत. १९२४ मध्ये ही वाहतूक बंद पडली आणि पुढे त्या जागी मोटाररस्ता करण्याची योजना निघाली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये वृत्तपत्राच्या संपादकांना आपल्यासोबत तो काठ चालून पाहण्याचे आव्हान दिले. लोकमत बदलले, आणि १९७१ मध्ये संपूर्ण काठास राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. आज तेथे सायकली चालतात.

हा दाखला आपणास निम्माच लागू पडतो. तो कालवा मृत होता. नीरा डावा कालवा जिवंत आहे. येथील काठ प्रथम पाण्याच्या व्यवस्थेसाठी आहे. ती जागा जलसंपदा खात्याची असून सार्वजनिक सडकेसारखा वहिवाटीचा हक्क तेथे गृहीत धरता येत नाही. भरलेल्या कालव्याच्या कडेला पाय घसरला तर जिवावर बेतते. दुरुस्तीची यंत्रे आणि गळीत हंगामातील उसाची वाहने यांनाही जागा लागते. म्हणून सहलीच्या हौसेपोटी सबंध काठ फरसबंद करणे हा मार्ग नव्हे. प्रथम वाट कोठे सलग आहे व कोठे तुटते, रोज तिचा उपयोग कोण व कशासाठी करतो, आणि कोणती झाडे व विहिरी कोणत्या पाझरावर जगतात, या तीन गोष्टींची गाववार नोंद झाली पाहिजे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एका तुकडीस एका वर्षात हे काम करता येण्याजोगे आहे. ती नोंद हाती असेल, तर अस्तरीकरणाच्या निर्णयात झाडे आणि सायकली यांचाही हिशेब मांडता येईल. ती नसेल, तर एखाद्या दिवशी काठ सुंदर होईल, पण ज्यांची ती रोजची वाट आहे त्यांना तेथे जागा उरणार नाही.