शहादा चळवळ

शहादा चळवळ : महाराष्ट्राच्या खानदेश भागातील भिल्ल व अन्य आदिवासींनी, हातची गेलेली जमीन परत मिळावी आणि शेतमजुरीचे दर रास्त असावेत यांसाठी १९७१ पासून उभारलेले आंदोलन. तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा व तळोदे हे तालुके त्याचे केंद्र होते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर हे तालुके नव्या नंदुरबार जिल्ह्यात गेले. झगडा मुळात आर्थिक होता. परंतु मालक बहुतेक गुजर, पाटील आदी बिगर-आदिवासी समाजांचे आणि मजूर बहुतेक भिल्ल, अशी स्थिती असल्याने त्यास प्रारंभापासूनच दोन समाजांतील तंट्याचे रूप आले. चळवळीचे बळ आणि तिच्या मर्यादा या दोहोंचे मूळ या वस्तुस्थितीत आहे.

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्यापासून तापीपर्यंतचा काळ्या कसदार मातीचा पट्टा खानदेशातील उत्तम शेतजमिनींत गणला जातो. १८१८ मध्ये ब्रिटिशांनी खानदेश ताब्यात घेतला, तेव्हा प्रदेशाचा मोठा भाग ओसाड पडलेला होता आणि भिल्ल टोळ्यांचे बंड चालू होते. एलफिन्स्टनच्या धोरणानुसार जेम्स औट्रमने १८२५ मध्ये ‘भिल्ल कोअर’ हे पथक उभारले, धरणगाव (जि. जळगाव) हे त्याचे ठाणे होते. बंडखोरांना पथकात नोकऱ्या व लागवडीसाठी जमिनी देऊन स्थिर करण्याचा हा प्रयोग पुष्कळ अंशी सफल झाला. तरी १८५७-५८ मध्ये खाज्या नाईक, भीमा नाईक प्रभृतींच्या नेतृत्वाखाली सातपुड्यातील भिल्ल पुन्हा उठले, आणि एप्रिल १८५८ मध्ये अंबापाणी येथे त्यांचा पराभव झाला.

जमीन मिळणे आणि ती टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. रयतवारी पद्धतीत जमीन गहाण टाकता व विकता येऊ लागली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाचे भाव चढले, पाठोपाठ लोहमार्ग आला आणि जमिनीला किंमत आली. रोख महसूल, लग्नखर्च व दुष्काळ यांसाठी कर्ज काढणारा भिल्ल शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. १९०१ च्या दुरुस्तीने मुंबई सरकारने काही जमिनींना ‘नवी शर्त’ लावून जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतर करण्यास बंदी घातली. व्यवहार मात्र तोंडी होत राहिले.

स्वातंत्र्योत्तर काळात यात एक विलक्षण भर पडली. १९४८ चा मुंबई कूळवहिवाट कायदा कसणाऱ्या कुळाच्या हितासाठी होता, आणि त्यातील तरतुदींनुसार १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ कुळे जमिनीची मालक झाली. परंतु येथे जमीन भिल्लाची आणि ती खंडाने वा गहाणाने कसणारा धनिक शेतकरी, अशी उलटी कुळवहिवाट अनेक ठिकाणी होती. अशा जागी दुर्बलांना जमीन देण्यासाठी केलेला कायदाच तिची मालकी सबलाकडे नेणारा ठरला. सात-बाराच्या उताऱ्यावरील नाव बदलले आणि पूर्वीचा मालक त्याच शेतावर सालदार म्हणून राबू लागला. सालदार म्हणजे वर्षाच्या कराराने ठेवलेला गडी. त्याने सालाच्या आरंभी घेतलेली उचल वर्षाअखेर फिटत नसल्याने पुढील सालही तेथेच काढणे त्याला भाग पडे.

पुढे ऊस, केळी व विहीर-बागायत यांचा विस्तार झाला. विजेचे पंप, सहकारी पतपुरवठा, साखर कारखान्यांना मिळणारे राज्य शासनाचे भागभांडवल यांचा लाभ ज्याच्या नावावर जमीन त्यालाच मिळणे ओघाने आले. म्हणजे सार्वजनिक पैसा विकासाच्या नावाने आला, तो एका समाजाच्या हाती अधिक आणि दुसऱ्याच्या हाती नाममात्र पडला. पिकांची राखण करण्यासाठी जमीनमालकांनी पीक संरक्षण सोसायट्या काढल्या. त्यांच्या राखणदारांनी चोरीच्या संशयावरून आदिवासींना मारहाण करावी, दंड घ्यावा, स्त्रियांचा अवमान करावा, अशा तक्रारी वाढत गेल्या.

या पार्श्वभूमीवर अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल कार्यकर्ते पुढे आले. सर्वोदयी कार्यकर्त्यांशी त्यांचा संबंध होता. भजने व सभा यांतून ते लोकांना एकत्र आणीत. २ मे १९७१ रोजी शहादे तालुक्यातील पाटीलवाडी येथे, टंचाईने गांजून धान्य मागण्यासाठी गेलेल्या आदिवासींवर गोळीबार होऊन एकजण मरण पावला आणि अनेक आदिवासींवर खटले भरण्यात आले. या घटनेने खानदेशाबाहेरचेही लक्ष वेधले. सर्वोदय कार्यकर्ते आणि शहरांतून आलेले तरुण शहाद्यास पोहोचले. ३० जानेवारी १९७२ रोजी तेथे भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना स्थापन झाली. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले कुमार शिराळकर, दीनानाथ मनोहर, तसेच स्थानिक भिल्ल कार्यकर्ते व पुढे कवी म्हणून मान्यता पावलेले वाहरू सोनवणे ही त्यांतील परिचित नावे होत.

संघटनेची कार्यपद्धती साधी होती. गावोगावी कोणाची जमीन केव्हा व कशी गेली याची माहिती जमवावयाची, मालकाकडे समूहाने जाऊन बोलणी करावयाची आणि उपयोग न झाल्यास मोर्चा वा संप. काही हजार एकर जमिनीचा ताबा अशा रीतीने परत मिळाला, सालदारांचे वेतन वाढले. १९७२-७३ च्या दुष्काळात सरकारी कामे व त्यांवरील मजुरी हा प्रश्न पुढे आला. राज्याची रोजगार हमी योजना याच काळात, १९७२ मध्ये, सुरू झाली होती (तिचा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला). संघटनेने काम मागण्याचा हक्क ठामपणे वापरला.

भिल्ल स्त्रियांचा सहभाग हे चळवळीचे सर्वांत लक्षणीय अंग मानावे लागेल. गावठी दारूच्या भट्ट्यांवर जाऊन मडकी फोडणे, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यास चारचौघांत जाब विचारणे असे कार्यक्रम त्यांनी स्वतः होऊन हाती घेतले. पुरुष कार्यकर्त्यांच्या कार्यसूचीत हा विषय मुळात नव्हता. १९७३ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र शिबिरे भरली. महाराष्ट्रातील पुढील काळाच्या स्त्री-चळवळीच्या इतिहासात त्यांचा उल्लेख होतो.

जमीनमालकांची प्रतिक्रिया तीव्र होती. ‘पुरुषोत्तम सेना’ या नावाने त्यांचे दल निघाले व त्यावर राज्यभर टीका झाली. प्रश्न मालक व मजूर यांचा नसून ‘आमच्या समाजावर’ हल्ला आहे, असा प्रचार झाल्यामुळे त्या समाजांतील अल्पभूधारकही धनिकांच्या पाठीशी गेले. दुसऱ्या बाजूस आदिवासी अस्मितेच्या आवाहनाने भिल्ल एकवटले. पण बिगर-आदिवासी मजूर त्यापासून दूर राहिले. अंबरसिंग यांचे १९७४ मध्ये निधन झाले. धुळे येथील विचारवंत शरद पाटील यांनी १९७८ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापन केला. जात आणि वर्ग यांचा लढा एकत्रच लढावा लागेल, या त्यांच्या मांडणीस खानदेशातील या अनुभवाची पार्श्वभूमी होती असे म्हणता येते.

भूमी एका समाजाची आणि तिच्यातून निघणारे धन दुसऱ्याचे, या स्थितीतून उद्‌भवणारे राजकारण खानदेशापुरते नाही. नायजेरियात १९५६ मध्ये नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात ओलोइबिरी येथे खनिज तेल सापडले. तेथील ओगोनी, इजॉ इ. अल्पसंख्य जमातींच्या वाट्यास दूषित जमीन व पाणी आले, तर महसूल केंद्र सरकारकडे गेला. ओगोनींच्या आंदोलनाचे नेते, लेखक केन सारो-विवा यांना १० नोव्हेंबर १९९५ रोजी लष्करी राजवटीने फाशी दिली. देशातील सामान्य माणसाला मात्र तेलसंपत्तीचा एकच वाटा दिसत असे : अनुदानामुळे स्वस्त मिळणारे पेट्रोल. १ जानेवारी २०१२ रोजी गुडलक जोनाथन यांच्या सरकारने हे अनुदान रद्द करताच दर लिटरला ६५ नायरांवरून सु. १४० नायरांवर गेला. देशव्यापी संप झाला आणि सरकारला दर ९७ नायरांवर आणावा लागला. लागोस व कानो या दूरस्थ शहरांतील भिन्नधर्मीय लोक या आंदोलनात एका मागणीसाठी रस्त्यावर आले. तथापि जोनाथन हे स्वतः त्रिभुज प्रदेशातील इजॉ असल्याने, हा आपल्या माणसास खाली खेचण्याचा डाव आहे, असे मत त्या भागात व्यक्त झाले. भाकरीच्या प्रश्नास जमातीचा अर्थ लावला जाण्याची ही प्रक्रिया शहाद्याच्या अभ्यासकास अपरिचित वाटणार नाही. (नायजेरियातील पेट्रोल-अनुदान २९ मे २०२३ रोजी पुन्हा रद्द करण्यात आले.)

शहादा चळवळीचा व राज्यातील अन्य आदिवासी आंदोलनांचा दबाव कायद्यांच्या रूपाने फलद्रूप झाला. ६ जुलै १९७४ पासून आदिवासीची जमीन शासकीय परवानगीविना बिगर-आदिवासीस देण्यास जमीन महसूल संहितेत मनाई करण्यात आली. १९७४ चा अनुसूचित जमातींना जमिनी प्रत्यार्पित करण्याबाबतचा अधिनियम १ नोव्हेंबर १९७५ पासून अंमलात आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात हस्तांतरित झालेल्या जमिनी, कूळकायद्याने गेलेल्यांसह, मूळ आदिवासी मालकास परत देण्याची तरतूद त्यात आहे. सामान्य हस्तांतराच्या बाबतीत जमीन घेणाऱ्याने आकारणीच्या ४८ पट रक्कम व सुधारणांची किंमत हप्त्यांनी द्यावयाची असते. लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये हा कायदा वैध ठरविला. मात्र १९५७ पूर्वी गेलेल्या जमिनी त्याच्या कक्षेबाहेरच राहिल्या आणि तोंडी व्यवहारांचा पुरावा देणे आदिवासींना कठीण गेले.

१९८० नंतर संघर्षाचे क्षेत्र मैदानातून डोंगराकडे सरकले. सरदार सरोवर प्रकल्पामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील गावे बुडिताखाली आली. विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन तळोदे व शहादे या तालुक्यांत करण्यात आले. जळगाव जिल्ह्यातील चोपडे, यावल व रावेर तालुक्यांच्या सातपुडा पट्ट्यातील पावरा, भिल्ल व तडवी यांच्या वनजमिनींचा प्रश्नही याच प्रवाहात आला. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वी कसत असलेल्या वनजमिनीवर हक्क मान्य केला. दाव्यांच्या निर्णयास विलंब होत असल्याने लोकसंघर्ष मोर्चाच्या नेतृत्वाखाली नोव्हेंबर २०१८ मध्ये आदिवासी शेतकरी ठाण्याहून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत पायी चालत गेले. वन विभागाने पूर्वी अतिक्रमणाबद्दल केलेल्या दंडाच्या पावत्या अशा दाव्यांत वहिवाटीचा पुरावा म्हणून सादर केल्या जातात.