ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे ऑइल : निवड व बदल

इंजिन ऑइल आपण वेळेवर बदलता. गिअरबॉक्सच्या ऑइलकडे मात्र दुर्लक्ष होते. ऑइल ब्रेक असलेल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शियल, हायड्रॉलिक लिफ्ट व ब्रेक यांना एकच ऑइल असते. त्यासाठी यूटीटीओ प्रकारचे ऑइल लागते. स्वस्त म्हणून साधे गिअर ऑइल भरल्यास ब्रेक आवाज करतात व नीट लागत नाहीत. उसाची भरलेली ट्रॉली उतारावर असताना हे जिवावर बेतू शकते. म्हणून डब्यावरील प्रत ट्रॅक्टरच्या पुस्तिकेशी पडताळूनच खरेदी करावी.

ऑइल केव्हा बदलावे? पुस्तिकेत दिलेले तास अवर मीटरवर पाहावेत. अनेक मॉडेलना ही मुदत १,००० तासांच्या आसपास असते. मात्र भाताच्या चिखलणीनंतर डिपस्टिक जरूर तपासावी. ऑइल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले असे समजावे. अशा वेळी तास भरण्याची वाट न पाहता पाणी कोठून शिरले ते शोधून दुरुस्ती करावी व नवे ऑइल भरावे.

ऑइल कोमट असताना काढावे, जाळी साफ करावी, फिल्टर बदलावा. जुने ऑइल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये.