गुलाबी बोंडअळी : बियाण्यापलीकडचे विज्ञान

शेतीपुढील आधुनिक प्रश्नांना विज्ञान कोणते उत्तर देऊ शकते, याची चर्चा बहुधा नव्या वाणाच्या किंवा नव्या औषधाच्या नावापाशी येऊन थांबते. परंतु सजीवांशी संबंधित कोणतेही उत्तर कायमचे नसते, कारण ज्या किडीविरुद्ध ते शोधलेले असते ती कीडही उत्क्रांत होत असते. भारतातील, आणि विशेषतः कपाशीखालील क्षेत्रात देशात अग्रभागी असलेल्या महाराष्ट्रातील, बीटी कापूस व गुलाबी बोंडअळी यांचा गेल्या दोन दशकांचा इतिहास हे तत्त्व समजून घेण्यास पुरेसा आहे.

१९९०च्या दशकात अमेरिकन बोंडअळीने रासायनिक कीटकनाशकांना दाद देणे जवळजवळ बंद केले होते. या पार्श्वभूमीवर मार्च २००२मध्ये केंद्र सरकारच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीने बीटी कापसाच्या पहिल्या संकरित वाणांना परवानगी दिली. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जिवाणूचे एक जनुक कपाशीत घातल्यामुळे झाड स्वतःच अळीला मारक असे प्रथिन तयार करते, म्हणून त्यास बीटी हे संक्षिप्त नाव मिळाले. पहिल्या वाणांत क्राय-१-एसी हे एक प्रथिन होते, तर २००६मध्ये आलेल्या बोलगार्ड-२ वाणांत क्राय-२-एबी या दुसऱ्या प्रथिनाची भर पडली. सुरुवातीच्या वर्षांत बोंडअळ्यांसाठीच्या फवारण्या मोठ्या प्रमाणात कमी झाल्या, हे यश निर्विवाद होते.

या तंत्रज्ञानासोबत एक अट मात्र पहिल्या दिवसापासून जोडलेली होती. अळ्यांच्या प्रचंड संख्येत काही मोजक्या अळ्या विष पचवणाऱ्या असतातच. त्यांचे पतंग परस्परांशीच मीलन करू लागले तर प्रतिकारक्षम पिढी झपाट्याने वाढते. म्हणून बीटी कपाशीभोवती पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढे, साध्या कपाशीचे आश्रयक्षेत्र ठेवावे, जेणेकरून तेथे वाढलेले विषसंवेदनशील पतंग प्रतिकारक्षम पतंगांशी संकर करतील व प्रतिकाराचा गुण विरळ होत जाईल, अशी योजना होती. त्यासाठी ४५० ग्रॅम बीटी बियाण्यासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे दिले जात असे, पण ते क्वचितच पेरले गेले. यात केवळ शेतकऱ्याचा निष्काळजीपणा पाहणे अन्यायाचे ठरेल. पतंग बांध ओळखत नसल्याने अल्पभूधारकाने आपल्या शेताचा पाचवा हिस्सा अळीला सोडावा आणि त्याचा लाभ सगळ्या शिवाराला मिळावा, अशी ही अपेक्षा होती, आणि त्या त्यागाची भरपाई करणारी कोणतीही व्यवस्था नव्हती.

अमेरिकन बोंडअळी तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगत असल्याने तिला निसर्गतःच आश्रयक्षेत्र मिळाले. गुलाबी बोंडअळी मात्र जवळजवळ केवळ कपाशीवर अवलंबून असते. त्यात इतर प्रमुख कापूस उत्पादक देशांत मुख्यतः सरळ (असंकरित) वाण लावले जात असताना भारतात, जेथे १९७०मध्ये सुरत येथून ‘संकर-४’ हा पहिला व्यापारी संकरित कापूस आला होता, बीटीचा प्रसार मुख्यतः संकरित वाणांतून झाला. संकरित झाडाला बीटीचे जनुक एकाच पालकाकडून मिळत असल्यास त्याच्या बोंडातील सरकी, म्हणजे पुढची पिढी, मेंडेलच्या नियमानुसार सारखी राहत नाही. काही दाण्यांत दोन्ही विषे, काहींत एकच, तर काहींत एकही नसते. सरकीवर जगणाऱ्या या अळीला अशा मिश्र आहारातून सौम्य मात्रेशी जुळवून घेण्याची संधी मिळते. दीर्घ मुदतीचे वाण आणि वेचणीनंतर पुन्हा पाणी देऊन घेतली जाणारी फरदड यांनी अळीचे खाद्य उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पुरवले.

परिणामी क्राय-१-एसीला प्रतिकार करणारी गुलाबी बोंडअळी गुजरातमध्ये आढळल्याचे २०१०मध्ये जाहीर झाले, त्यानंतर काही वर्षांतच दोन्ही विषांना न जुमानणारी अळी दिसू लागली आणि २०१७च्या हंगामात महाराष्ट्राच्या कापूस पट्ट्यात मोठे नुकसान झाले. अळी बोंडात शिरल्यावर छिद्र बुजून जाते व फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तरीही फवारणी वाढते, आणि २०१७मध्येच यवतमाळ जिल्ह्यात झालेल्या फवारणीच्या विषबाधेने २०हून अधिक बळी घेतले.

याच किडीबाबत अन्यत्र वेगळे घडले. अमेरिकेत ॲरिझोनातील शेतकऱ्यांनी आश्रयक्षेत्राचे पालन केले आणि २००६पासून किरणोत्साराने वंध्य केलेले पतंग विमानांतून सोडण्यात आले. बीटी कापूस, नर पतंगांना भुलवणारा मादीचा कामगंध व हे वंध्य पतंग यांच्या एकत्रित वापरामुळे २०१८मध्ये अमेरिकेने ही कीड आपल्या कापूस क्षेत्रातून नष्ट झाल्याचे जाहीर केले. चीनच्या यांगत्से खोऱ्यात संकरित कपाशीचे दुसऱ्या पिढीचे बियाणे वापरल्याने सुमारे चौथा हिस्सा झाडे विषरहित राहिली, आणि वाढू लागलेला प्रतिकार मागे हटला.

भारतातील उपायही ज्ञात आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने व कृषी विद्यापीठांनी सुचवल्याप्रमाणे सलग तीन रात्री प्रत्येक कामगंध सापळ्यात आठ पतंग आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी आली असे मानावे, डोमकळ्या, म्हणजे अळी शिरल्याने न उमललेली फुले, वेचून नष्ट कराव्यात, पऱ्हाटी वेळीच काढून फरदड टाळावी आणि हंगामपूर्व लागवड करू नये, कारण सुरुवातीच्या पतंगांना पाते-फुले न मिळाल्यास त्यांची पिढी खुंटते. मीलनाला अडथळा आणणाऱ्या गंधाचा वापर आणि कमी मुदतीच्या वाणांची सघन लागवड यांचीही त्यांना जोड देता येते.

या उपायांपैकी जवळजवळ एकही एकट्या शेताच्या पातळीवर पूर्ण फळ देत नाही. जे संशोधन बियाण्याच्या पाकिटात बसले ते बाजाराने गावोगावी पोहोचवले; जे शिवारभर एकाच वेळी पाळावयाचे होते, त्याचा वाहक कोण, हे कधी निश्चित झाले नाही. नवे वाण मंजूर करतानाच प्रतिकाराची नियमित मोजणी, गावपातळीवरील सापळ्यांची नोंद, आश्रयक्षेत्र ठेवणाऱ्यास मोबदला आणि कृषी सहायकांची पुरेशी संख्या यांची तरतूद होणे हाही विज्ञानाच्याच उपयोजनाचा भाग मानला पाहिजे. अन्यथा पुढचे वाणही पहिल्या काही हंगामांत पीक वाचवेल आणि नंतर त्याच अळीपुढे निष्प्रभ ठरेल.